मनोहररावांचा बदलीचा अर्ज

मनोहरराव रोज सकाळी डिक्शनरीतले पाच इंग्रजी शब्द पाठ करत आणि संध्याकाळपर्यंत ते कुठल्या ना कुठल्या फायलीत घालून मोकळे होत. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, त्यामुळे माझं डोकं क्वचितच ठिकाणावर असे. साधी खुर्ची मोडली तरी ती त्यांच्या टिपणीत 'डिलॅपिडेटेड' व्हायची. साहेबांना यातलं काही कळायचं नाही. पण तसं कबूल करील तो साहेब कसला? असा कागद आला की ते कोपऱ्यात 'खुलासा सादर करावा' लिहीत आणि कागद खाली येई. आमच्या नागपूरच्या अख्ख्या कार्यालयात जड इंग्रजीचा खुलासा करणारा माणूस एकच, मनोहरराव.

चौऱ्याहत्तर साली काटोलच्या कचेरीत एक जागा निघाली. मनोहररावांची आई भीमाबाई काटोलला एकटीच राहायची. तिला दिसेनासं झालं होतं आणि घर सोडायला ती तयार नव्हती. मनोहरराव दोन आठवडे बदलीचा अर्ज लिहीत बसले. एकट्या आईसाठी 'सॉलिटरी प्रोजेनिट्रिक्स' सापडलं, त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

"मराठीत दोन ओळी लिहा ना जी," मी म्हटलं.

"मायचा विषय हाय. साधं कसं लिहू मी?"

अर्ज वर गेला आणि महिन्याभरानं खाली आला, थेट मनोहररावांच्याच टेबलावर. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'खुलासा सादर करावा.' तोवर काटोलची जागा आमच्यातल्याच लहानू मेश्रामला मिळाली होती. त्याचा अर्ज एका ओळीचा होता: 'गाव काटोल आहे, तिकडे द्यावे.' मला साहेबांचा राग आला, आणि मनोहररावांचा त्याहून जास्त.

तरी रविवारी मी त्यांच्यासोबत काटोलच्या बसमध्ये बसलो. त्यांना एकटं जाऊ द्यायला मन धजेना. भीमाबाईनं पायांच्या आवाजावरूनच त्यांना ओळखलं.

"बदली काहून नाही झाली गा?"

"साहेबाले अर्ज समजला नाही, माय."

"असं काय लिहिलं होतं तून?"

मनोहरराव तिच्याजवळ खाली बसले.

"माय एकटी हाय. तिले दिसत नाही. मले तिच्याजवळ राहू द्या."

भीमाबाईनं चाचपडत त्यांचा हात शोधला.

"मले तं समजलं," ती म्हणाली.