फोटोत खांब पाहिजे

सात वर्षं मी एकाच माळावर फोटो काढले आणि सातही वर्षं चुकीचे काढले. या गोष्टीत एक चोर पण आहे, त्याला शिव्या देणं सोपं आहे, त्या मी देणारच आहे. पण आधी माझी चूक.

मूल या तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, विहारातले कार्यक्रम. माझं गाव तिथून अकरा किलोमीटर. गावाच्या पूर्वेला गट नंबर ११२, सरकारी कागदात 'झुडपी जंगल'. आम्ही त्याला माळ म्हणतो. ज्याला जमीन पाहिजे तो त्याला पडीक म्हणतो.

या माळाचं वेड मला रुखमाबाईनं लावलं. साठीची बाई, सहा शेळ्या, पायात टायरच्या चपला. एकदा उन्हाळ्यात मी माळ तुडवत शॉर्टकटनं घरी चालले होते, तर लांबूनच ओरडली.

"अवो चंदा, पाय कुठी ठेवून राह्यली? अंडे हायेत ना तिथी!"

मी खाली पाहिलं. "मले तर गोटेच दिसते."

"तुह्या डोळ्यात नवऱ्या-नवरदेव भरले हायेत. चार गोटे सारख्या रंगाचे दिसते का? ते अंडे."

माळटिटवीची अंडी. घरटं नाही, काडी नाही, नुसत्या मुरमावर ठेवलेली चार अंडी. मग तिनंच दाखवलं, की भर दुपारी टिटवी बोडीवर, शेताजवळच्या लहान तळ्यावर, जाते, पोट भिजवते, तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत ती स्वतःच्या अंगावर पाणी वाहून आणते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

तेव्हापासून लग्नाचा कॅमेरा माळावर. पावसाळ्यात कळलावीची आगीसारखी फुलं, गवतात एका पायावर उभी असल्यासारखी आमरीची पांढरी फुलं. पाऊस ओसरला की तरोट्याच्या झुडपांवर पिवळ्या फुलपाखरांचा खच. हिवाळ्यात शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी, सकाळी आभाळात उभा राहून गाणारा चंडोल. होळीनंतर पुन्हा टिटवी. जे दिसेल त्याचं नाव रुखमाबाई सांगायची, मी घरी जाऊन पुस्तकातलं नाव शोधायची.

आणि फोटो काढताना मी काय करायची? पोटावर पडायची, सरकत-सरकत असा कोन पकडायची, की मागचा विजेचा खांब दिसू नये, राइस मिलचं धुराडं दिसू नये, गोबरगॅसची फुटकी टाकी दिसू नये. मागचं सगळं विरघळून गेलं पाहिजे, रेशमासारखं. नवरीच्या फोटोत मंडपाची फाटकी कनात झाकतो तसं. रुखमाबाई मोबाईलवर फोटो बघून एकदा म्हणाली, "हा तर आपला माळ वाटतच नाई वो. कुठचा आहे?"

मला ती शाबासकी वाटली. एवढी मी शहाणी.

मागच्या डिसेंबरात कुलदीप आला. गावाची जैवविविधता नोंदवही करायचं काम त्याच्या एजन्सीला मिळालं होतं. गावात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, सगळं त्या वहीत लिहायचं असतं. हा माणूस पंचायतीत दोन तास बसला, तीन कप चहा प्याला आणि माळाकडे तोंडसुद्धा न करता मला म्हणाला, "मॅडम, तुमचे फोटो म्हणजे एकदम नॅशनल लेव्हल. नोंदवहीत टाकू, तुमच्या नावासकट."

नावासकट ऐकलं आणि मी पाघळले. सात वर्षं पेनड्राइव्हमध्ये भरून त्याच्या हातात दिली.

एक मेची ग्रामसभा. विषय क्रमांक पाच: गट ११२ वर राइस मिलची राखड, म्हणजे जाळलेल्या तुसाची राख, टाकायला ना हरकत. कागदासोबत ती नोंदवही जोडलेली. मी उघडली. गट ११२: 'पडीक. नोंद घेण्याजोगी प्रजाती आढळली नाही.' पुढच्या पानावर माझी माळटिटवी, ओल्या पोटाची, आणि खाली लिहिलेलं: 'समुद्रकिनारी आढळणारा पक्षी.' माझं नाव कुठंच नाही. झाडांच्या यादीत खारफुटी. पक्ष्यांत समुद्री गरुड. माशांत सुरमई. पान एकतीसवर तर कुठल्या तरी खाडीकाठच्या गावाचं नाव तसंच राहून गेलेलं. हरामखोरानं दुसऱ्याची वही उचलून वर आमच्या गावाचं नाव चिकटवलं होतं आणि सजवायला माझे फोटो वापरले होते.

मी तिथूनच त्याला फोन लावला. म्हणतो, "मॅडम, फॉरमॅट सगळीकडे सेमच असतो. वाचतं कोण?"

मी वाचलं. सभेत उभी राहून मोठ्यानं वाचलं. सुरमईपाशी आले तसा पोचूभाऊ उठला. त्याचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला.

"सुरमई? माह्या जाळ्यात तर मरळ येते, झिंगे येते. ही सुरमई कोणाच्या घरी जाऊन राह्यली, सांगा ना बे!"

सभा हसली. सरपंच भैयाजी पण हसले. ते हसले तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

"टायपिंगची चूक आहे, दुरुस्त करू," ते म्हणाले. "पण माळावर काहीच नाई, हे तर बरोबर आहे ना?"

"काहीच नाई? भैयाजीभाऊ, त्याच वहीत माझे फोटो आहेत. सगळे त्या माळावरचे."

त्यांनी वही घेतली, चष्मा लावला, एकेक पान सावकाश उलटलं. "फोटो झकास आहेत. पण हे इथलेच कशावरून? मागं तर काहीच दिसत नाई. नुसतं भुरकट. नागपूरच्या बागेतले असन."

"कॅमेऱ्यात तारीख आहे."

"तारीख तर कॅलेंडरले पण असते, चंदाबाई."

पुन्हा हशा. या वेळी माझ्यावर. दोन हजारांवर फोटो, एकात खांब नाही, एकात धुराडं नाही, एकात माझं गाव नाही. मीच पुसलं होतं. कुलदीपनं ते समुद्राकाठी नेऊन ठेवले, कारण ते कुठंही ठेवता येत होते.

रुखमाबाई बायकांत मागे बसली होती. पदर खोचून उभी राहिली.

"कागदावर काऊन भांडून राह्यले? माळ का पळून गेला? चला, मी दाखवतो."

"उन्हाचं कुठी जाता बाई," भैयाजी म्हणाले.

"टिटवी बसली हाये ना उन्हात. तुमाले का मेण लागलं हाये?"

आता नाही कसं म्हणणार? निघाले. दीडशेच्या सभेतून अकरा माणसं आली, बाकीची पंख्याखाली राहिली. त्यांचीही नावं माझ्याकडे आहेत.

माळावर पोचलो तर कडेला राखडीचे तीन ढीग. ताजे. ट्रॅक्टरची चाकं गवतावरून थेट आत गेलेली. ठराव व्हायचा होता, राखड आधीच आली होती. वारा आला की काळी भुकटी उडून आमच्या दातांत जात होती. मी भैयाजींकडे पाहिलं. ते खांबाकडे बघत होते.

"कुठी आहे तुमची टिटवी?" आणि ते तरातरा पुढे निघाले.

"पाय!" मी अशी ओरडले की ते एका पायावरच थांबले. पांढरी चप्पल हवेत. खाली, वीतभर अंतरावर, चार अंडी. राखडीची पातळ साय त्यांच्यावर बसलेली.

"हे तर गोटे आहेत," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. पोचूभाऊनं त्यांचा दंड धरून त्यांना हळूच मागं घेतलं. रुखमाबाईनं सगळ्यांना पळसाच्या सावलीपर्यंत हाकललं, शेळ्यांसारखंच. पाच मिनिटांत बोडीकडून टिटवी आली. पोट ओलं. अंड्यांवर बसली. पिसांतलं पाणी मुरमावर टपकलेलं तिथूनही दिसत होतं. पोचूभाऊ एवढंच म्हणाला, "च्या मायले."

मी कॅमेरा काढला. सवयीनं पोटावर पडणार होते. पडले नाही. उभीच राहिले. एका चौकटीत टिटवी, तिच्यामागे राखडीचे ढीग, चाकांच्या खुणा, मिलचं धुराडं आणि विजेचा खांब, त्यावरचा पिवळ्या रंगातला नंबर वाचता येईल असा. कडेला सावलीत उभे भैयाजी, पांढऱ्या चपलांसकट. सगळं स्वच्छ, काहीही विरघळलेलं नाही.

"माहा फोटो काऊन काढला? खोडून टाक तो," भैयाजी म्हणाले.

"नाई खोडत. आता विचारा, कुठचा आहे म्हणून."

परत आल्यावर ग्रामसेवकानं लिहिलं, 'विषय तहकूब.' नामंजूर नाही, तहकूब. म्हणजे पुन्हा येणार. ढीग उचलायचं कोणी नाव काढलं नाही, ते अजून तिथंच आहेत. मी अर्ज केला: नोंदवही खोटी आहे, रद्द करा, माळावर येऊन नवीन करा. सोबत तो फोटो. पोच घेतली. उत्तर नाही.

तोच फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला, नवरीचा काढून. गिऱ्हाईक विचारतं, हा असला फोटो काऊन लावला? भैयाजींचा दोनदा निरोप आला, उतरव म्हणून. लावलेला आहे.

रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी माळावर जाते आणि सात वर्षांचं काम पहिल्यापासून करते. पावसाळा येईल, कळलावी येईल, तरोट्यावर फुलपाखरं येतील. प्रत्येकाच्या मागे खांब घेणार आहे. काल दोन अंडी फुटली. पिल्लं मुरमाच्याच रंगाची, राखडीवर मात्र लगेच उठून दिसतात, कावळ्यालाही. म्हणून रुखमाबाई शेळ्या तिथंच बसवते आणि कावळा आला की गोटा मारते.

मी कॅमेऱ्यातला पिल्लांचा फोटो तिला दाखवला, मागे खांब असलेला. तिनं डोळे बारीक केले.

"कसा घाण काढला वो," ती म्हणाली. "आपलाच माळ हाये."