उलटा लावलेला पांगारा

मी उलटा लावलेला पांगारा बोलतोय. हसू नका, चूक माझी नव्हती.

मिरीच्या वेलाला आधार हवा म्हणून आमच्या फांद्या तोडून मातीत रोवतात. त्या मुळं धरतात आणि वेल अंगावर घेऊन वाढतात. फांदीचं वरचं टोक ओळखता यावं म्हणून त्याला चुना फासायचा, अशी या बागेची रीत. माझ्या वेळी शेळीने दावं तोडलं. मालकांची लेक तिच्यामागे धावली आणि धापा टाकत परत येऊन चुना फासला तो भलत्याच टोकाला. असा मी डोकं मातीत, पाय आभाळात करून उभा राहिलो.

तिच्या बाबांची नजर गेलेली. "पोरीला काय जमणार, बाग मी बघतो," असं धाकट्या काकाने टुमणं लावलं होतं. बाबा म्हणाले, "चाळीसच्या चाळीस खुंट जगले, तर बाग तिच्याच हाती." मग त्यांनी एकेक खुंट हाताने चाचपला. माझ्यापाशी जरा थांबले आणि पुढच्या खुंटाकडे वळले.

एकोणचाळीस फुटले. मी आपला ढिम्म. एका सकाळी लेक नवा खुंट घेऊन आली. दिसत नसलेल्या बापाला कळणार थोडंच! मला उपटायला ती वाकली आणि तशीच थांबली. खाली गवताआड मला बोटभर कोंब फुटला होता. आधी तो जमिनीकडे निघाला होता, मग अर्ध्या वाटेत वळून वर चालला होता. वर कुठे असतं हे मला कुणी सांगितलं, देव जाणे. आजही मी थक्क होतो.

ती बाबांना हाताला धरून घेऊन आली. "बाबा, हा मी उलटा लावला होता. आज गुपचूप बदलणार होते."

"उलटा आहे हे मला त्याच दिवशी कळलं. कोंबाचा डोळा गळलेल्या पानाच्या खुणेच्या वर असतो, याचा खाली लागला हाताला. तू सांगतेस का, एवढंच बघत होतो." ते कोंबाचं वळण पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. "आणि तरी जगला गं हा." "काकाला कळव, बाग तू बघतेस."

आता मी छपराहून उंच आहे. अंगावर मिरी लगडते, माझ्या मुळांनी माती कसदार होते, पाला शेळ्या खातात. पानं झडून लाल फुलं आली की पाखरांची झुंबड उडते आणि लेक हातातलं काम विसरून बघत राहते.

माझ्या फांद्या खुशाल न्या. चुकून उलटी रोवलीत, तर उपटायची घाई तेवढी करू नका. आम्हाला जरा वेळ लागतो.