कंबरेचा दोर

विमानात बसल्यापासून मच्छिंद्रचा पाय हालूनच राह्यला होता. शेजारी त्याचा बाप, रखमाजी, सीटच्या पट्ट्याशी झटत होता. मच्छिंद्रनं बघितलं आन् खिडकीकडं तोंड केलं. शेवटी हवाईसुंदरीनं येऊन पट्टा लावून दिला.

मंठ्याजवळच्या ह्या बापलेकाचा कापसाच्या बियाण्याचा प्लॉट तालुक्यात पयला आल्ता. कंपनीनं बक्षीस म्हणून औरंगाबाद ते मुंबई विमानाची दोन तिकिटं दिली. मच्छिंद्रची माय नंदाबाई म्हणली, "जा दोघं. घरी बोलत न्हाई, आभाळात तरी बोला."

चार वर्षं झाल्ती बोलणं तुटून. विहिरीत उतरवलेलं इंजिन बघायला कारभारीकाका खाली गेल्ता आन् धुरानं तिथंच पडला. मच्छिंद्र काठावरून बापाला वरडत होता, "दादा, जल्दी उतरा." आन् बाप? त्यानं पयले सोताच्या कंबरेला दोर बांधला. वढला, परत बांधला, परत वढला, तिसऱ्यांदा बांधला. मंग उतरला. वर आणला तवा काका संपला होता.

भाऊ मरून राह्यला आन् हा सोताची गाठ बघून राह्यला. मच्छिंद्रच्या डोक्यातून ते जाईना.

उडून वीसेक मिनिटं झाली असतील. मागं कुठंतरी धाडकन आवाज झाला. कानात दडे बसले, विमानात धुकं भरलं, बर्फासारखी थंडी आली. डोक्यावरची झाकणं उघडून पिवळे मास्क नळ्यांवर लोंबकळले. भोंग्यातून हिंदीत काहीतरी सांगून राह्यले होते, मच्छिंद्रनं ऐकलंच न्हाई. त्यानं बापाचा मास्क वढला. आपण तसले न्हाई, आधी बाप.

मास्कचं रबर बापाच्या फेट्यावरून सरकंना. त्यानं जोर लावला. बोटं दुसऱ्याचीच असल्यावानी झाली. फेटा बापाच्या एका डोळ्यावर आला आन् मच्छिंद्रला हसू फुटलं. थांबंचना.

हवा तुटल्यावरचं तसं हसू रखमाजीनं विहिरीत कारभारीच्या तोंडावर बघितलेलं होतं. त्यानं पोराचा हात झटकला, फेटा फेकला, सोताचा मास्क लावला. दोन श्वास घेतले. मंग पोराची मान धरून मास्क त्याच्या तोंडावर दाबला. मास्कखालची पिशवी फुगंना म्हणून मच्छिंद्र तो काढायला लागला, तर बापाचा हात हालेना.

"नसंल फुगत तर नसू दे. श्वास वढ तू."

विमान झपकन खाली आलं. खाली डोंगर दिसाया लागले, मास्क निघाले, थोड्या टायमानं मुंबईला चाकं टेकली. लोकं दाराकडं पळाली. हे दोघं बसूनच.

"दादा, त्या दिवशी..." मच्छिंद्र म्हणला.

"गाठ दोनदा सुटली व्हती," रखमाजी म्हणला. "हात कापत व्हते माझे. पयल्यांदाच बसली असती तर जित्ता गावला असता कारभारी."

हे मच्छिंद्रला म्हाईत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

रखमाजी पट्टा सोडायला लागला. खटका काही उचलंना. मच्छिंद्र वाकला.

"राहू द्या. तुम्ही फेटा बांधा. मी सोडतो."