समोरून पाहणारा

अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे ताईला धाकट्या भावाचे हात दिसले. दोन्ही मनगटं पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती.

"फार हात चालवतो हो," नर्स म्हणाली. "सकाळी शुद्धीवर आला तसा घशातली नळीच उपसायला निघाला. बांधावंच लागलं."

"तो हातांनीच बोलतो," ताई म्हणाली. "जन्मापासून बहिरा आहे. तुम्ही त्याचं तोंड बांधून ठेवलंय."

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुतारखान्यात प्लायवूडची थप्पी अंगावर कोसळली, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला भोक पडलं. कारखान्यातल्या लोकांनी त्याला आणून सोडलं आणि ते निघून गेले. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता.

"श्वासाची नळी निघाली तर परत घालायला वेळ मिळेलच असं नाही," तो म्हणाला. "आणि असाच धडपडत राहिला तर पूर्ण गुंगीत टाकावं लागेल. रक्तदाब आधीच इतका खाली गेलाय की ती गुंगी त्याला झेपेल असं मी छातीठोक सांगत नाही. तुम्ही बघा शांत होतो का. नाहीतर मला इंजेक्शन द्यावंच लागेल."

तोंडाला मास्क, अंगावर हिरवा झगा, अशा वेषात ताई आत गेली. पायथ्याशी उभी राहून तिने दोन्ही तळवे हळूहळू खाली आणले. 'यहोवा शालोम', शांती देणारा देव. ही खूण धाकट्याला चांगली पाठ होती. त्याने ती पाहिली आणि असा हिसडा मारला की दांड्या खडखडल्या. यंत्र किंचाळायला लागलं. बांधलेल्या माणसाला शांत हो म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच. नर्स इंजेक्शन भरायला वळली.

दर शनिवारी प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत त्यांचा अड्डा जमायचा. चारदोन बहिरी मंडळी, निवृत्त झालेले एक मास्तर, आणि दोन्हीकडचं बोलणं पोचवायला ताई. बायबलमधली देवाची हिब्रू नावं हातांनी कशी सांगायची हे ठरवत बसायचे. 'एल शद्दाय', सर्वसमर्थ, याला वळलेली मूठ. 'यहोवा रोही', मेंढपाळ, याला काठी धरलेला हात. मास्तर सांगायचे की यातली कितीतरी नावं कुणी पाटावर बसून ठेवलेली नाहीत. कुणावर तरी वेळ आली आणि त्या वेळी देव जसा भेटला तसं नाव पडलं. हे बहिऱ्यांना चटकन पटलं, कारण त्यांच्यातही नावं अशीच पडतात. धाकट्याने ताईचं नाव लहानपणीच ठेवलं होतं: दोन बोटांनी कपाळ चिमटीत धरायचं. आठी. ते का, हे ताईला ओळखणाऱ्याला विचारावं लागत नाही.

घोडं अडलं ते 'एल रोई'पाशी. मला पाहणारा देव. धनिणीच्या जाचाला कंटाळून पळालेल्या एका पोटुशी दासीने रानात, झऱ्याकाठी, देवाला हे नाव दिलं. ताईने खूण सुचवली: डोळ्यांपासून दोन बोटं उंच न्यायची आणि वरून खाली रोखायची. देव वरच असतो, त्यात काय विचारायचं? मास्तरांनी मान डोलावली. धाकटा मात्र हट्टाला पेटला. 'वरून मुकादम बघतो,' तो हातांनी म्हणाला. 'ती बाई जमिनीवर बसली होती. तिला ज्याने पाहिलं तो तिच्या समोर आला असणार.' त्याची बोटं डोळ्यांपासून सरळ निघायची, अगदी आडवी. ताई वैतागली. सगळ्यांदेखत म्हणाली, उगाच अक्कल पाजळू नकोस. तो उठून गेला, आणि त्यानंतर ती त्याला पाहत होती ती आज, अशी.

नर्स सुई घेऊन आली. धाकट्याची नजर छताकडे होती. दिवा वर, मास्क लावलेले चेहरे वर, सगळे त्याच्यावर वाकलेले. ताईच्या आता लक्षात आलं. तीही वरूनच बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "एक हात सोडा. उजवा."

"नळी ओढली तर?"

"तर तुम्ही आहात ना इथे. पण सोडा."

डॉक्टरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याने स्वतःच पट्टी सोडली आणि आपला हात नळीजवळ तयार ठेवला. ताईने भिंतीकडचं स्टूल त्याच्या उशाशी ओढलं. तेही उंच निघालं. ते ढकलून ती सरळ फरशीवर गुडघे टेकून बसली. तिचा चेहरा धाकट्याच्या उशीच्या उंचीला आला, तशी त्याची नजर छतावरून तिच्याकडे वळली.

त्याचा हात उचलला गेला. थेट नळीकडे. डॉक्टरची बोटं पुढे सरकली. ताईने मात्र तो हात धरला नाही. तिने दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेली आणि त्याच्याकडे रोखली. 'एल रोई.' पुन्हा. आणि पुन्हा.

हात नळीला टेकला. तिथे थांबला.

मग तो नळी सोडून बाजूला आला, हवेत चाचपडला आणि त्याने ताईची ती दोन बोटं पकडली. सवयीने ती अजून थोडी वरूनच येत होती. त्याने ती खाली दाबली, सरळ केली, अगदी आडवी. मगच सोडली. यंत्राचा आवाज हळूहळू निवला.

"काय म्हणतोय?" नर्सने विचारलं.

"चूक काढतोय माझी," ताई म्हणाली, आणि सकाळपासून धरलेलं रडू तिला फुटलं. "त्याचंच बरोबर होतं."

धाकट्याने दोन बोटांनी कपाळ चिमटीत धरलं आणि तिच्याकडे बघत राहिला.

डॉक्टर पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि डाव्या हाताची पट्टी सोडायला लागला.