कागदाची खळ

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे, चिनी मातीची, कॉफी गाळणारी. काठाचा टवका उडाला आहे, पण स्वस्थ बसणं मला अजून जमत नाही.

माझ्या पोटात कागद बसवतात, त्यात कॉफीची पूड घालतात आणि वरून गरम पाण्याची बारीक धार सोडतात. खाली कपात थेंब थेंब कॉफी उतरते. नागपूरची नोकरी सोडून आलेल्या दामिनीने मला तिच्या गावी, शहापूरला आणलं. हायवेवर कॉफीचा ठेला टाकायचं तिच्या मनात होतं.

दामिनी आधी कोरा कागद गरम पाण्याने धुवायची आणि ते पाणी ओतून द्यायची. ते पाणी हापशावरून आणणाऱ्या तिच्या आईचा, विजयमालाबाईंचा, जीव तुटायचा.

"काहून व, चांगलं तातं पानी फेकून राहिली?"

"कागदाचा वास लागते, आई."

"कागदाले कायचा वास?"

रोज हीच कटकट, आणि दोघींच्या मध्ये मी!

एक दिवस धान्य दुकानवाले बाबूलालजी कॉफी चाखायला येणार होते. आवडली तर त्यांच्या दुकानापुढची जागा ठेल्याला मिळणार होती, नाहीतर दामिनी परत नागपूरला जाणार होती. माझा जीव टांगणीला लागला. विजयमालाबाई विणकर घरातल्या. कागद लुळा पडतो म्हणून पोरगी तो भिजवून बसवते, असं त्यांना वाटलं. लेकीला मदत म्हणून त्यांनी आदल्या दुपारी, सुताला लावतात तशी, सगळ्या कागदांना भाताच्या पेजेची खळ लावली आणि उन्हात वाळवून जागेवर ठेवले. मी सगळं पाहत होते, पण बोलणार कशी?

आणि बाबूलालजी आले त्या दिवशी दामिनीनेही नेमका, आईची कुरकुर नको म्हणून, कागद धुतला नाही. पाणी खाली उतरेना. मी काठोकाठ भरून उतू गेले. कशीबशी अर्धा कप कॉफी उतरली.

"बेटा, हे कॉफी हाये का पेज?" बाबूलालजी हसत उठले.

"मीच खळ लावली व," आई पुटपुटली. दामिनीने मला घरातल्या विणायच्या मागाखाली सारलं. तिथे माझ्यावर सुताची धूळ बसत राहिली. वाईट माझं नव्हे, त्या दोघींच्या अबोल्याचं वाटत होतं.

दामिनी जायला निघाली त्या सकाळी विजयमालाबाईंनी मला काढून धुतलं. लेकीच्या बॅगेतल्या नव्या पुड्यातला कागद मागून घेतला, माझ्यात बसवला आणि त्यावर गरम पाणी ओतलं. खाली गंज, म्हणजे पातेलं, धरलं होतं. त्यातलं पाणी त्यांनी हुंगलं.

"वास हाये व खरंच! नवं लुगडं खळ धुतल्याबिगर मी कोनाले नेसू देत नाही, अन् तुले रोज बोलत होतो."

दामिनीचे डोळे भरून आले. "मीबी तुले नीट सांगतलं नाही, आई."

कॉफी झाली. कप पदराखाली झाकून विजयमालाबाई स्वतः बाबूलालजींकडे गेल्या. तेवढ्यात नागपूरची बस आली, भोंगा वाजवून गेली. दामिनी ओट्यावर बॅगेपाशी आईची वाट पाहत बसून राहिली.

आज ठेला त्या दुकानापुढेच आहे. कागद रोज धुतात, आणि गंजातल्या त्या पाण्याने कप विसळतात. मित्रांनो, कागद जरूर धुवा. फक्त ते पाणी ओतून देण्याआधी, ते आणणारीला एकदा जवळ बसवून कारण सांगा.