रस्त्यात आलेल्या कबरी

"सर, मेलेल्यांना इथून काय दिसतं हो?"

"विचार की, घाबरलीस का?" म्हणत मैत्रिणींनी दोन दिवस डोकं खाल्लं होतं, म्हणून फिफिताने शेवटी विचारूनच टाकलं. मोजणीला आलेल्या विलियामी सरांना हसू आलं नाही. त्यांनी उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र सरळ तिच्या हातात ठेवलं. "विचारलंस ना? मग आता मोज."

मोजणीला कारणही होतं. वावाऊ बेटावरच्या त्या गावात टेकडीवरच्या दफनभूमीतून समुद्रातली खिंड दिसलीच पाहिजे, असा जुना दंडक. त्या खिंडीतून गेलेली काही माणसं परतलीच नाहीत. त्यांच्या नावाने रिकाम्या कबरी बांधलेल्या, वर पांढरी वाळू. आणि टेकडीखाली, खिंडीच्या बाजूलाच, फिफिताच्या बाबांना, तेवितांना, घरावर मजला चढवायचा होता. लाकूडसुद्धा अंगणात येऊन पडलं होतं.

फिफिताने कबर न् कबर मोजली. विमानातून टिपलेल्या सरांच्या नकाशावर प्रत्येकीपासून खिंडीपर्यंत रेघ ओढली. सगळ्या रेघा घराला बगल देऊन गेल्या!

"माझी लेक म्हणजे अख्खं मोजणी खातं!" बाबा गावभर सांगत सुटले. सोमवारी गावसभेत नकाशा ठेवला की काम फत्ते.

तिची मैत्रीण सेलू मात्र नकाशा बघून खिदळली. "अगं, ह्या दोन कबरी रस्त्यात! तुझे मेलेले फिरायला निघालेत वाटतं!"

फिफिताही हसली. मग हसू विरलं. चर्चच्या पायरीजवळच्या मोजणीच्या दगडाची जागा सरांच्या वहीत पक्की नोंदलेली होती. तिने यंत्र त्या दगडावर ठेवलं. यंत्राने दाखवलेली जागा आठ मीटर पश्चिमेला! सकाळी मोजा, दुपारी मोजा, तेवढंच आणि त्याच बाजूला. चूक होती, पण शिस्तीची. तिने सगळ्या कबरी आठ मीटर पूर्वेला सरकवल्या. रस्त्यातल्या दोघी मुकाट कुंपणाच्या आत आल्या. आणि सिलिआमावशींच्या, खिंडीतून न परतलेल्या मुलाच्या कबरीपासून निघालेली रेघ थेट बाबांच्या नव्या मजल्यातून गेली.

शनिवारी सेलू तांबडं फडकं बांधलेला, नव्या मजल्याएवढा उंच बांबू घेऊन फिफिताच्या छपरावर चढली. फिफिता त्या कबरीपाशी मावशी बसतात तशी मांडी घालून बसली. फडकं नेमकं खिंडीवर.

कबरीभोवती झाडू मारणाऱ्या मावशींनी डोळे बारीक केले. "ए पोरी, तो बांबू हलवायला सांग बघू. माझी बघायची वेळ झाली."

रविवारी चर्चहून आल्यावर जमिनीतल्या भट्टीत पानांत भाजलेलं जेवण सोडवताना फिफिताने सगळं सांगितलं. बाबांचा हात थांबला. "यंत्राची चूक कुणाला कळणारे? पहिलाच नकाशा दे. म्हातारी अजून किती दिवस बघणार?"

"असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?" आई म्हणाली.

फिफिताने अंगणातल्या लाकडाकडे पाहिलं. नव्या मजल्यावरची एक खोली तिचीच होती ना!

"बाबा, आई, माझं ठरलंय," ती म्हणाली. "उद्या गावसभेत मी दुरुस्त केलेलाच नकाशा ठेवणार. आणि पहिला कसा चुकला, तेही मीच उभी राहून सांगणार."