साबणाची पिंपं

लालबागच्या त्या चाळीत नळाला पाणी सकाळी पाऊण तास येतं. उरलेला दिवस माणसं पिंपातल्या पाण्यावर काढतात. बत्तीस खोल्या, बत्तीस निळी पिंपं, आणि सगळी लवूनानांनी आणलेली. गिरणी बंद पडल्यावर नाना भिवंडीच्या एका रंगाई कारखान्यात लागले, तेव्हापासून तिथली रिकामी पिंपं टेम्पोत घालून ते चाळीत वाटत आले. त्यातही माणूस डोळ्यांत तेल घालून निवड करणारा. रंगाचं पिंप कधी आणलं नाही, ॲसिडचं तर नाहीच. कापड धुवायच्या पातळ साबणाचं तेवढंच आणायचं. साबणाच्या पिंपात घाण कुठून येणार? चिंच-राखेनं घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं की वास जायचा, आणि वास गेला म्हणजे सगळं गेलं अशी सगळ्यांची समजूत होती.

नानांची मुलगी सुचित्रा परळच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगावर संशोधन करते. शरीरात शिरून हॉर्मोनचं सोंग घेणारी रसायनं हा तिचा विषय. आसपासच्या घरांतलं पिण्याचं पाणी तपासताना तिला तुलनेसाठी स्वच्छ नमुने हवे होते, म्हणून तिनं डोळे झाकून आपलीच चाळ घेतली. नळाचं पाणी निर्मळ निघालं. पिंपातलं निघालं नाही. तिनं नव्या काचेच्या बाटल्या घेऊन तीनदा तपासलं. साबणातलंच एक द्रव्य, तेच हॉर्मोनचं सोंग घेणाऱ्यांपैकी, प्लास्टिकात मुरलं होतं आणि रोज थोडं थोडं पाण्यात उतरत होतं.

चार दिवस तपासणीचा तो कागद तिच्या पर्समध्ये पडून होता. तिची आई कमल दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगानं गेली होती. शेवटी शेवटी चमच्यानं पाजलेलं पाणीही त्याच पिंपातलं. हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि गप्प बसावं, तर समोरच्या खोलीतली मनाली सहा महिन्यांची गरोदर, तीही तेच पीत होती. पाचव्या दिवशी सुचित्रानं सांगून टाकलं.

"साबणच तो," नाना म्हणाले. "आमी हात धुवायचो त्यान."

"हो, बाबा."

"मग तुझ्या आईक ह्याच्यानच झाला?"

"सांगता येत नाही. धोका वाढतो, एवढं कळतं. एका माणसाला नेमकं कशानं झालं, ते नाही सांगता येत."

"म्हणजे नाय झाला, असाय सांगूक येना नाय."

"नाही येत."

नानांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. मग ते म्हणाले, "चल, मनालीकडे."

मनालीची सासू अंबिका हिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि चहा टाकला. "तू शिकलेली, तुझं बरोबर असेल गं. पण पिंप नानांनी दिलंय. बारा वर्षं पितोय आम्ही. आणि उद्या सकाळी पाणी कशात भरू?"

"नवं आणू, आजच आणू."

"बघू. हिची डिलिव्हरी होऊ दे आधी."

सुचित्रानं कागद पुढे केला. शक्यता, प्रमाण, पोटातल्या बाळाला जास्त धोका, सगळं समजावून पाहिलं. अंबिका समजूतदारपणे मान हलवत राहिली. ज्या शब्दांवर सुचित्राचं अख्खं आयुष्य उभं होतं, ते त्या खोलीत पालथ्या घड्यावर पाणी ठरले. तिला स्वतःचाच राग आला.

"अंबिका," नाना दारातूनच म्हणाले, "माझी कमल ह्याच पाण्यान मेली. डॉक्टरान तसा लिवन दिलेला. ही सांगूक लाजता."

अंबिकेनं सुचित्राकडे पाहिलं. "खरं?"

सिद्ध झालं नाही ते लिहायचं नाही, बोलायचंही नाही, असं सुचित्रा विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं बजावत आली होती. असा कुठलाही कागद कुणी दिला नव्हता. तिनं मनालीच्या पोटाकडे पाहिलं आणि मान हलवली.

अंबिकेनं चहाचा गॅस बंद केला आणि दोन्ही हातांनी पिंप मोरीत आडवं केलं.

मग नाना दारोदार फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य, आणि प्रत्येक दारात सुचित्राची मान. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहते, चाळ तिला दीपकची आई म्हणते. तिच्या थोरल्या मुलीला गेल्या वर्षी तोच आजार निघालाय. तिनं वाक्य पुरं ऐकलं. "तुम्हीच आणलंत ना?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं. नाना त्या बंद दारापुढे हात जोडून उभे राहिले. सुचित्रानं त्यांना दंडाला धरून पुढच्या दाराशी नेलं.

घरी आल्यावर ते कॉटवर टेकले. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"मी खोटा बोललंय काय गो, बाय?"

"माहीत नाही, बाबा."

"खोटाच असूंदे," नाना म्हणाले. "देवा, खोटाच असूंदे."